उन्हाळाभर दारं-खिडक्या बंद? घरातल्या हवेबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

होळी झाली की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदाही तो भावकीच्या, शाळेच्या, कॉलनीच्या ग्रुपवर येऊन गेला. त्याचं सार असं: वाळवंटी मुलखातले लोक घर बंद करून राहतात, म्हणून त्यांना ऊन बाधत नाही. आपणही मार्च ते जून दारं-खिडक्या चोवीस तास बंद ठेवाव्यात. झरोके, एक्झॉस्टची भोकं, बाथरूमच्या जाळ्या पुठ्ठ्याने नाहीतर थर्माकोलने बुजवाव्यात, कारण तिथून गरम हवा आणि धूळ शिरते. कूलर बंद खोलीतच लावावा, म्हणजे गारवा टिकतो. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा स्वच्छच असते. आणखी शुद्ध हवी असेल तर स्नेक प्लांट ठेवावं आणि संध्याकाळी कापूर-धूप जाळावा.

यातला एक सल्ला अर्धा बरोबर आहे. बाकीचे चुकीचे आहेत आणि त्यातला एक तर जीव घेऊ शकतो. लोक हा मेसेज काळजीपोटी पुढे पाठवतात, आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांना आणि लेकरांना जपा म्हणून पाठवतात. त्यामुळे त्यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

"वाळवंटातले लोक घर बंद करून राहतात."

राहत नाहीत. इराणमधलं यझ्द हे वाळवंटातलं शहर, २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या जुन्या घरांवर बादगीर असतात, म्हणजे वरचा वारा पकडून खाली खोलीत आणणारे मनोरे. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर तीस मीटरहून उंच आहे. सिंधमधल्या हैदराबादच्या जुन्या छायाचित्रांत घराघरावर असे वारा पकडणारे मनोरे दिसतात. जैसलमेरच्या हवेल्यांना चौक आहेत, दगडी जाळ्या आहेत. या सगळ्या ठिकाणी ऊन अडवलं जातं, वारा आत घेतला जातो आणि तापलेली हवा वरून बाहेर सोडली जाते.

आपल्याकडे हेच काम माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, करत होतं. जाड भिंती, कडीपाटावर मातीचा थर आणि छतात उजेडाला, धुराला वाट देणारा झरोका. मोठ्या वाड्याला चौक. उन्हाळ्याच्या रात्री माणसं बाज अंगणात टाकत किंवा माळवदावर झोपत. माळवदाकडे परत चला, असं मी म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि छताच्या मातीखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर लातूर-धाराशिवच्या गावांनी सिमेंटचा स्लॅब आणि पत्रा जवळ केला, त्यामागचं दुःख आणि शहाणपण दोन्ही खरं आहे. पण नवं घर बांधताना झरोका मात्र मागेच राहिला. पातळ भिंत, वर उघडा तापणारा स्लॅब आणि एकाच बाजूला खिडकी, अशा घराला मुळातच श्वास कमी. त्यात हा मेसेज उरलेली वाटही बंद करायला सांगतो.

"दारं-खिडक्या चोवीस तास बंद ठेवा."

हा तो अर्धा बरोबर सल्ला. सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते. त्या वेळी खिडकी बंद, पडदा ओढलेला, शक्य असेल तर खिडकीच्या बाहेरच्या बाजूने तट्ट्या नाहीतर गोणपाट लावलेलं, हे योग्यच आहे. काचेतून एकदा आत आलेलं ऊन आतल्या पडद्याने फारसं थांबत नाही, म्हणून बाहेरून अडवणं जास्त उपयोगी.

पण मराठवाड्याच्या उन्हाळ्याची एक देणगी आहे आणि मेसेज तीच वाया घालवतो. हवा कोरडी असल्यामुळे इथे रात्र बरीच उतरते. एप्रिल-मे महिन्यांत संभाजीनगर, परभणी, नांदेडकडे दुपारी ४०-४२ अंश असतात, तर पहाटे पारा बहुधा २५-२६ च्या आसपास येतो. पंधरा अंशांचा हा फरक मुंबईला एप्रिल-मेमध्ये मिळत नाही. दुसरीकडे स्लॅब आणि भिंती दिवसभर ऊन पितात आणि ती उष्णता उशिरा आत सोडतात. संध्याकाळी सात-आठला छताला आतून हात लावून बघा, ते दुपारपेक्षा जास्त तापलेलं असतं. त्या वेळी खिडक्या बंद असतील तर ती सगळी उष्णता खोलीतच राहते, दुसऱ्या दिवशीची तिच्यावर चढते आणि चार-सहा दिवसांत घर भट्टी होतं. रात्री हवा वाहती ठेवली तर भिंती पहाटेपर्यंत निवतात आणि तोच थंडपणा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कामाला येतो.

दुसरा हिशेब हवेचा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ हजार लिटर हवा. झोपलेला माणूस तासाला बारा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्या खोलीत चौघं झोपली आणि खोली खरोखर हवाबंद असली, तर तासाभरात दर दहा लाख भागांमागे हजाराहून जास्त भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. फटींमुळे प्रत्यक्षात आकडा इतका चढत नाही, पण सकाळी डोकं जड होणं, खोलीत कोंदट वास, यामागे बऱ्याचदा ही कोंडलेली हवा असते. घरात कुणाला क्षयाचा खोकला असेल तर बंद खोली म्हणजे बाकीच्यांना संसर्गाचं आमंत्रण. कोविडमध्ये आपण हे शिकलो होतो.

रात्री खिडक्या उघड्या का राहत नाहीत, त्याचीही खरी कारणं आहेत: डास आणि चोराची भीती. एकटी बाई लहान लेकरांना घेऊन राहत असेल तर तिला "उघडं झोपा" सांगणं सोपं नाही. म्हणून गज आणि जाळी यांवरचा खर्च हा घराच्या रंगापेक्षा आधी करावा. मला सगळ्यांत उपयोगी वाटतं ते जिन्याचं टोक. आपल्याकडे बहुतेक पक्क्या घरांत जिना गच्चीवर जातो आणि वर छोटी खोली व पत्र्याचं दार असतं. तिथे गज-जाळीची एक खिडकी ठेवा आणि रात्री ती उघडा. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. वारा पडलेला असेल तर एका खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. स्लॅबला चुन्याचे दोन हात दिले तर तापणंच कमी होतं, तेही स्वस्तात.

"कूलर बंद खोलीत लावा, गारवा टिकतो."

या एका वाक्याने मराठवाड्यात सर्वांत जास्त घाम काढला असेल. कूलर एसीसारखा चालत नाही. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता शोषून घेतं, ती एक हजार वॉटचा हीटर चाळीस मिनिटांत देतो तेवढी असते. सगळा खेळ वाफ होण्याचा आहे आणि वाफ व्हायला हवा कोरडी लागते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. पण ती हवा ओलसर असते. तिला बाहेर जायला वाट नसेल आणि कूलर खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढत असेल, तर तासाभरात खोली दमट होते, पॅडवरचं पाणी वाफ व्हायचं थांबतं, घाम सुकत नाही, गाद्या ओलसर लागतात. मग लोक म्हणतात कूलर जुना झाला.

म्हणून कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर हवा, त्याच्या तीनही बाजूंच्या गवताला बाहेरची कोरडी हवा मिळायला हवी. आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार कूलरच्या तोंडाएवढं तरी उघडं हवं. असं केलं की कूलर हेच घराचं वायुविजन होतं: ताजी हवा गाळून, ओली करून आत येते आणि शिळी हवा दुसरीकडून बाहेर पडते. एसी हे करत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून एसीच्या खोलीतही मधूनमधून खिडकी उघडावी लागते.

पाण्याचा प्रश्न आपल्यासाठी लहान नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा विसरलेला नाही. मोठा कूलर तासाला सात-आठ लिटर पाणी सहज पितो. बंद खोलीत बारा तास चालवून काहीही न मिळवण्यापेक्षा समोरची खिडकी उघडून दुपारचे चार तास चालवा आणि रात्री फक्त वारा घ्या. बोअरच्या जड पाण्याने गवतावर पांढरा खडू बसतो आणि हवा अडते, ते गवत दर मोसमाला बदलावं. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासून कोरडी करा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी कूलरला हात लावू नका. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणाचं तरी लेकरू जातं.

"झरोके, एक्झॉस्ट, बाथरूमच्या जाळ्या बुजवा."

हाच तो जीवघेणा सल्ला. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि जाळी बुजवलेली असेल, तर जळायला ऑक्सिजन पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. अंघोळीला गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि बाहेरच्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. उन्हाळ्यात बुजवलेली जाळी थंडीत कुणी आठवणीने उघडत नाही, आणि गिझर तर थंडीतच जास्त चालतो. गॅस गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या जागीच बसवा. ज्यांनी जाळी बुजवली आहे त्यांनी ती आजच काढा.

स्वयंपाकघराचंही तेच. मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला कळतो, पण गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि तळणीतून उठणारे सूक्ष्म कण दिसत नाहीत. खेड्यात गॅस आला, २०१६ पासून उज्ज्वलाची टाकी घरोघर पोहोचली, तरी भाकरीला आणि पाणी तापवायला चूल अजून पेटते. तुराट्या, पऱ्हाट्या, गवऱ्या घरच्याच असतात, टाकी विकत भरावी लागते. घरातल्या चुलीच्या व अशा इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या धुरात सर्वांत जास्त वेळ बाई आणि तिच्या कडेवरचं मूल असतं. तिच्या चुलीवरचं धुराडं नाहीतर भिंतीतलं भोक थर्माकोलने बंद करा, असं सांगणाऱ्याने एकदा त्या चुलीपुढे बसून चार भाकरी थापाव्यात. एक्झॉस्ट पंख्याने गारवा जातो हे खरं, पण स्वयंपाकाची वीस-तीस मिनिटं तो चालू राहिलाच पाहिजे.

"घरातली हवा स्वच्छच असते, झाड आणि कापूर ती आणखी शुद्ध करतात."

झाडांची गोष्ट अमेरिकेच्या नासाच्या १९८९ सालच्या एका प्रयोगावरून आली. तो छोट्या हवाबंद पेटीत केलेला होता. पुढे २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की घरातल्या नेहमीच्या हवापालटाएवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. झाड जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं.

कापूर, धूप, अगरबत्ती यांचं स्थान देवघरात आहे आणि ते राहावं. पण ज्यातून धूर निघतो त्याने हवा शुद्ध होत नाही, तिच्यात कण वाढतात. देवघराजवळची खिडकी उघडी ठेवून दिवाबत्ती केली तर श्रद्धाही राहते आणि फुफ्फुसंही. डासांच्या कॉइलबद्दल मात्र मी कठोर आहे. एक कॉइल पूर्ण जळल्यावर ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण सोडते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं गेलं. बंद खोलीत लेकराच्या उशाशी ती रात्रभर जळते. मच्छरदाणी लावा.

"बाहेर धूळ आहे."

आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तिन्ही आहेत. मे महिन्यात वावटळ उठते तेव्हा, शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलेलं असतं तेव्हा, किंवा रस्त्यावर खडीचे डंपर चालू असतात तेव्हा खिडक्या लावून घ्याव्यात. तास-दोन तासांत धुरळा खाली बसतो, मग पुन्हा उघडाव्यात. घरात आलेली धूळ कोरड्या झाडूने झाडली तर ती परत नाकापर्यंत उठते, म्हणून आधी पाण्याचा हलका शिडकावा किंवा सरळ ओला फडका. आणि खिडक्यांच्या जाळ्या पंधरा दिवसांतून एकदा काढून धुवा. धुळीने भरलेल्या जाळीतून रात्रीचा वारा येत नाही आणि मग घरातली माणसं म्हणतात, खिडकी उघडूनही काही फरक पडत नाही.