माझा भाऊ ३६ वर्षांचा आहे

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आला. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मला माहीत आहे; एका मावशींनी तर खाली हात जोडले होते. मजकूर थोडक्यात असा :

"मतिमंद मुलं म्हणजे देवाघरची फुलं. त्यांचं वय वाढतं, बुद्धी वाढत नाही. ती कायम लहानच राहतात. त्यांना निर्णय विचारणं म्हणजे त्यांचा छळ. म्हणून १८ पूर्ण होताच कलेक्टर कचेरीतून पालकत्वाचा कागद करून घ्या, मग सगळे अधिकार तुमचे. त्यांच्या नावे घर-पैसा कायद्याने ठेवता येत नाही, सगळं दुसऱ्या भावंडाच्या नावे करा. मतदानाला नेऊ नका, त्यांना काय कळणार? एकटं बाहेर सोडू नका. आणि आपल्यानंतरची सोय म्हणून एखादी चांगली संस्था आताच बघून ठेवा."

यातलं ‘दुसरं भावंड’ म्हणजे मी. माझा धाकटा भाऊ डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला. आम्ही इंदुरात लोकमान्य नगरात राहतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आई एकाहत्तरची आहे. ‘आपल्यानंतर याचं काय’ हा प्रश्न आमच्याकडे रोज रात्री दिवा मालवला की येतो. ती भीती खरी आहे, म्हणूनच तिच्या आडून चुकीची माहिती फिरू नये असं मला वाटतं. लिहिण्याआधी भावाला विचारलं, लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. दोन गोष्टी त्याने काढायला लावल्या, त्या इथे नाहीत.

"कायम लहानच राहतात." ही समजूत बहुतेक घरांत दिव्यांग प्रमाणपत्रातल्या एका ओळीतून शिरते : मानसिक वय ६ वर्षे. ती ओळ वाचली की घराचं वागणंच बदलतं. पण हे मानसिक वय आलं कुठून? आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये एक चाचणी केली ती शाळकरी मुलांसाठी, कुणाला शिकवताना जास्त मदत लागेल हे ओळखायला. १९०८ मध्ये तिची मांडणी वयाच्या पायऱ्यांवर झाली; मूल ज्या पायरीपर्यंत पोचेल, ते त्याचं मानसिक वय. आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता चाचणी; मानसशास्त्रज्ञ मालिन यांनी केलेलं तिचं भारतीय रूप १५ वर्षांच्या पायरीपाशी थांबतं. लहानांच्या मोजपट्टीने छत्तीस वर्षांचा माणूस मोजला, तर उत्तर लहान मुलाचंच येणार.

सहा वर्षांच्या मुलाने छत्तीस दिवाळ्या पाहिलेल्या नसतात. बापाला खांदा दिलेला नसतो. आमच्या शहरात कचरा घरातच सहा प्रकारांत वेगळा करावा लागतो : ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. आमच्या घरात हे खातं भावाकडे आहे. सुरुवातीला डब्यांवर चित्रं चिकटवली होती, वर्षभरात ती निघाली. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की तो डबे घेऊन फाटकाशी उभा असतो. मी एकदा घाईत जुने सेल सुक्या कचऱ्यात टाकले, तर त्याने ते काढून माझ्या टेबलावर आणून ठेवले.

आणि ‘बाळ’. आई त्याला बाळच म्हणायची. तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "बाळ नाही. नाव आहे." आईचे डोळे भरून आले, पण तिने सवय मोडली. १९७४ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात बौद्धिक दिव्यांग प्रौढांनी स्वतःचं संमेलन भरवलं, तेव्हाही बोलणं नावावरूनच निघालं होतं. मला मतिमंद म्हणून ओळखलेलं नको, आधी माणूस म्हणून ओळखा, असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं आणि ‘पीपल फर्स्ट’ हे नाव पडलं. त्याआधी १९६० च्या दशकाच्या अखेरीला स्वीडनमध्ये अशा परिषदा सुरू झाल्या होत्या. आपल्याकडेही पालक संघटनांच्या ‘परिवार’ या महासंघाने या प्रौढांसाठी वेगळं व्यासपीठ उभं केलं आहे. सेल्फ अ‍ॅडव्होकसी म्हणतात ती हीच : आपली बाजू आपण मांडायची, आणि मांडता यावी म्हणून लागेल ती मदत मागायची.

"निर्णय विचारणं म्हणजे छळ." विचारायची पद्धत चुकली तर खरंच छळ होतो. पाहुण्यांच्या गर्दीत "सांग, तुला काय हवंय?" असं विचारून पाच सेकंदांत उत्तराची वाट पाहिली, तर तो गप्पच बसणार. "आवडलं ना?" असं विचारलं तर "हो" येणार, कारण समोरच्याला खूश करणारं उत्तर कोणतं हे तो लहानपणापासून शिकला आहे. आम्हाला हे उमगायला फार वर्षं लागली. आता शांत वेळी, दोनच गोष्टी समोर ठेवून, शक्यतो चित्रासह विचारतो. थोड्या वेळाने क्रम उलटा करून पुन्हा विचारतो, कारण त्याला कधी कधी शेवटचा शब्दच उचलायची सवय आहे. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ते त्याचं. याला वेळ लागतो. पण घर घेताना आपण तरी किती जणांना विचारतो? वकील, मेहुणा, बँकवाला, शेजारी. सगळ्यांचा सल्ला घेऊन केलेला आपला निर्णय आपलाच राहतो, मग त्याचा का नाही?

न विचारण्याची किंमत मी पाहिली आहे. एकदा तो चार दिवस जेवेना, ताट ढकलून देई. हट्ट करतोय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. पाचव्या दिवशी भाचीने शरीराच्या चित्रांचं पुस्तक पुढे ठेवलं, त्याने दातावर बोट ठेवलं. दाढ किडली होती. दवाखान्यातही सगळे प्रश्न मलाच : "इनको कब से दर्द है?" खुर्चीत तो बसला होता.

जी माणसं बोलत नाहीत त्यांचं काय, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, तिच्या तोंडून शब्द येत नाही. नको असलं की ती मान भिंतीकडे वळवते. हे ओळखणारी माणसं तिच्याभोवती चार आहेत, आठ हवीत. तिला मदत जास्त लागते. म्हणून तिला मतच नाही, असं होत नाही.

"कागद केला की सगळे अधिकार तुमचे." हे कायद्याच्या नेमकं उलट आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमता येतो, हे खरं. ते काम जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीचं; तिच्यात कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पण समितीने आधी बघायचं असतं ते हे, की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कशासाठी. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. हयगय किंवा गैरव्यवहार केला तर त्याला काढताही येतं.

त्यावर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं कलम १४ पालकांनी एकदा तरी वाचावं. त्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, परस्पर विश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. पुरेशी मदत देऊनही निर्णय घेता येत नसेल तरच. दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालकही यापुढे मर्यादित पालकच समजावा, असं तेच कलम सांगतं. कलम १३ म्हणतं की मदत करणाऱ्याचा पैशाच्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असेल तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं, आणि मदतीची व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे.

बँका पालकत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय दाद देत नाहीत, हे मी स्वतः भोगलं आहे. एका बँकेत भाऊ शेजारी उभा असताना "इनको समझता है क्या?" हे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मलाच. काही व्यवहारांसाठी प्रमाणपत्र करावंच लागेल. समितीचं प्रमाणपत्र चालतं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे. करा. पण कशासाठी करतोय ते त्यालाही समजावून सांगा, आणि तेवढ्यापुरतंच वापरा.

"त्यांच्या नावे मालमत्ता ठेवता येत नाही." हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण यात फायदा माझा आहे. हा कायदा कधीकाळी खरंच होता. जुन्या हिंदू कायद्यात अपंगत्वावरून वारसा नाकारला जाई. १९२८ च्या कायद्याने ती बंधनं काढली, तरी जन्मापासून वेडा किंवा जडबुद्धी असलेल्याला वगळण्याची मुभा ठेवली. मग १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम आला आणि त्याच्या कलम २८ ने सांगितलं, कुठलाही रोग, दोष किंवा व्यंग यावरून कुणीही वारसाहक्काला अपात्र ठरणार नाही. फिरणारा मजकूर १९५६ च्या आधीचा कायदा सांगतोय. घरात भाऊ माझ्याइतकाच वारस आहे. व्यवस्थेची चिंता असेल तर मृत्युपत्रातून त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट करता येतो, एकाहून जास्त विश्वस्त नेमता येतात. सगळं एका भावंडाच्या नावे करून त्याच्या चांगुलपणावर सोडणं ही सोय म्हणता येणार नाही. मी चांगली आहे असं मला वाटतं. तरीही माझ्यावर कुणाची तरी नजर असावी.

"मतदानाला नेऊ नका." मतदार यादीतून नाव वगळायला सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेलं असावं लागतं, नुसत्या दिव्यांग प्रमाणपत्राने मताचा हक्क जात नाही. ‘त्यांना काय कळणार’ हे तर १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीआधी निरक्षरांबद्दलही म्हटलं जात होतं. तेव्हा या देशाने त्यांना बाहेर ठेवलं नाही, उमेदवाराला चिन्ह दिलं. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो. १३ मे २०२४ ला भावाने मत दिलं. आठवडाभर घरी पुठ्ठ्याच्या यंत्रावर सराव केला होता, चिन्हं चिकटवून. कुणाला दिलं ते त्याने आईलाही सांगितलं नाही.

"एकटं बाहेर सोडू नका." सगळ्यांचं सगळं ऐकायला शिकवलेला माणूस जास्त असुरक्षित असतो, घरातही, ओळखीच्यांतही. ‘नाही’ म्हणता येणं, कुणी हात लावलेला आवडला नाही तर कुणाला सांगायचं हे ठाऊक असणं, ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. सिटी बसमध्ये एकट्याने चढायला आम्हाला सात महिने लागले. आधी सोबत, मग दोन सीट मागे, मग पुढच्या स्टॉपवर उभं राहून.

उरली संस्था. संस्था वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. काही घरांत दुसरा मार्ग उरत नाही. पण ‘चांगली संस्था बघून ठेवा’ यात तिथे राहणाऱ्याला विचारण्याची जागाच नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम ५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, विशिष्ट ठिकाणीच राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. स्वीडनने या लोकांच्या मोठ्या निवासी संस्था १९९९ अखेर बंद करायचा कायदा केला. माणसं वस्तीतल्या लहान घरांत राहायला आली, मदत तिथे गेली.

इंदुरात आज तेवढी मदत नाही. म्हणून आम्ही जमेल तिथून सुरू केलं. दर रविवारी रामबागेत एकाच्या घरी भावासारखे नऊ जण जमतात, सगळे विशीच्या पुढचे. नियम एकच : पालकांनी आतल्या खोलीत बसायचं. पहिले दोन महिने ते नुसते चहा पीत बसले, आणि आम्ही आत अस्वस्थ. मग एका रविवारी विषय निघाला गणपतीचा. एक जण म्हणाला, "दरवर्षी स्टेजवर बोलावतात, नारळ देतात, टाळ्या वाजवतात. मला नारळ नको. काम पाहिजे." तेच वाक्य त्यांनी मंडळाच्या कार्यकर्त्यांना जाऊन सांगितलं, सांगताना तो दोनदा अडखळला, पण बाकीच्यांपैकी कुणी त्याचं वाक्य पूर्ण केलं नाही. कार्यकर्त्यांना काय बोलावं सुचेना. शेवटी दोघं प्रसादाला, एक चपलांपाशी, एक पावतीच्या टेबलावर नोटा मोजणाऱ्याशेजारी. तिथे ओळख झालेला दूधवाला आता भाऊ दोन दिवस दिसला नाही की विचारतो. आपल्यानंतर काय, या प्रश्नाला माझ्याकडे आज असलेलं उत्तर हे एवढंच आहे : मी एकटी असण्याऐवजी अशी वीस माणसं असावीत, आणि त्यांना बोलावता येण्याइतका त्याचा आवाज मोकळा असावा.

या चैत्रात आईचं मृत्युपत्र झालं. वकिलांकडे जाण्याआधी भावाने त्याचा कागद सांगितला, मी लिहून घेतला. वकिलांनी तो सोबत लावला आहे. ताई गेली तरी याच घरात राहीन. खोलीचं दार लावायची कडी आतून. डॉक्टरांनी माझ्याशी बोलायचं. रविवारी रामबाग. कचरा मीच देणार. पोह्यांवर जिरावण मसाला जास्त, कांदा नको.