खाऱ्या वाऱ्याचा पेशंट

आमच्या हर्णैच्या घरात खाऱ्या वाऱ्याने काय काय खाल्लं याची यादी अप्पांना तोंडपाठ आहे. पडवीचं ग्रिल, दोन टेबलफॅन, माझ्या बाइकचा सायलेन्सर, टीव्हीची डिश आणि स्वतःचा उजवा गुडघा. त्यामुळे यंदा आंब्याच्या सीझनला कॉम्प्युटर हँग व्हायला लागला तेव्हा अप्पांनी पहिल्याच दिवशी निदान करून टाकलं, "खारं वारं ते. लोखंड खातं, तुझं डबडं सोडील होय?" मी अर्थातच हसलो. इंजिनिअरिंगची दोन वर्षं आपण काय फुकट घालवलीत का.

कॉम्प्युटर २०१२ चा. दोन जीबी रॅम, विंडोज सेवन, म्हणजे ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला, ऐन भोगीच्या दिवशी बंद केला तीच. पण आम्हाला त्यावर पेट्यांचा हिशोब आणि बिलं एवढंच करायचं असतं, त्याला काय करायचाय सपोर्ट. अप्पा खुर्चीत बसून सांगणार, मी टाइप करणार, "पाच डझनी बारा पेट्या, सहा डझनी सात..." आणि सातवर आलं की बाण जागच्या जागी उभा. कंट्रोल-आल्ट-डिलीट, काही नाही. कॅप्स लॉक दाबला तर त्याची लाइटसुद्धा पेटत नाही, म्हणजे नुसता झोपलेला नाही, पार गेलेला. मग बटण दाबून धरा, बंद करा, चालू करा, आणि अप्पा परत पहिल्यापासून, "पाच डझनी बारा..."

त्यात आमच्याकडे लाइट जाते हे वेगळं सांगायला नको, आणि तारीख-वेळ सांभाळणारा आतला सेल मेलेला असल्यामुळे लाइट आली की तारीख थेट १ जानेवारी २००९. एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं की तुमचा हापूस एवढा जुना आहे का. तारीख चुकली की इंटरनेटवरच्या साइटपण उघडत नाहीत, सर्टिफिकेट चालत नाही म्हणतात, हे मला आठवडाभर कळलं नव्हतं आणि तेवढा वेळ मी राउटरला शिव्या घालत होतो. सेल म्हणजे वजनकाट्यात असतो तोच चपटा, सीआर २०३२, वाण्याकडे मिळाला. तारीख सुधारली. हँग होणं आहे तिथेच.

मग व्हायरस. स्कॅन लावला, अर्ध्यावर जाऊन स्कॅनच हँग. डोंबिवलीहून काकाचा मुलगा फोनवर, "फॉरमॅट मार रे सरळ." मारला. तरी हँग. "मग जुनी डिस्क काढून एसएसडी टाक." याच्याकडे दर फोनला एक नवीन खर्च तयार असतो, गणपतीला आला की मोदक खाता खाता समोरासमोर बघणार आहे त्याच्याकडे.

शेवटी सीपीयू चादरीत गुंडाळून दापोलीला न्यायचं ठरवलं. एसटीत सीट नव्हती, मग मागच्या चाकावरच्या उंचवट्यावर बसलो, सीपीयू मांडीवर. कंडक्टरने गाठोड्याकडे बघून विचारलं, "पेशंट कोन हाय?" दुकानात लावून ठेवला तर दिवसभर एकदाही हँग नाही! दुकानदार माझ्याकडे असं बघत होता की जणू मीच आजारी आहे. "मस्त चाललाय की," म्हणाला आणि तीनशे रुपये घेतले. घरी आणला, संध्याकाळी पूर्ण बिल झालं, आई म्हणाली दृष्ट काढली ती लागू पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा डझनी सातवर परत ढिम्म.

असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला येताना माझ्या डोक्यात आलं की दुकानात जाऊन तर कोणी काहीच करत नाही, मग सुधारतो कशाने? तर रस्त्याने. हर्णै-दापोली रस्त्यावरचे धक्के खाऊन आत काहीतरी सैल झालेलं नीट बसतंय, आणि मी त्याचे तीनशे रुपये दुकानाला देतोय.

त्या रात्री मेमरी, म्हणजे रॅम, तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून लावला. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो. पाच मिनिटांत स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी, कुंकू सांडल्यासारख्या. मग लाइट गेली.

सकाळी झाकण उघडलं. आत पालीची दोन अंडी, पंख्यात भुसा, आणि दर खंडेनवमीला आई सीपीयूला वाहते त्या अक्षता. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घेतला, अंगातला करंट जावा म्हणून, मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून रॅमची पट्टी काढली. खालच्या कडेला त्या पिवळ्या सोनेरी दातांची रांग असते ना, ती खिडकीत धरली तर दात पान खाल्ल्यासारखे, मधे मधे हिरवट. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तसंच हे, वाऱ्याबरोबर बारीक मीठ येऊन बसतं, ते ओल धरतं आणि सोनेरी मुलाम्याखालचं तांबं कळकतं. जाणकार सांगतात की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते आणायला परत दापोली. पुतणीच्या कंपासमधला पांढरा खोडरबर घेतला आणि हलक्या हाताने घासला, दोन्ही बाजूंनी, वरून खाली. रबराचा चुरा काळा पडायला लागला आणि दात चकाकायला लागले. फुंकर मारायची नाही, तोंडातली ओल लागते, ब्रशने झाडायचं. परत बसवली. सुरू केला तर नुसतं टीं टीं टीं. छातीत धस्स झालं. नीट बसली नव्हती, जोर लावून दाबल्यावर दोन्हीकडून टक् टक् वाजलं तेव्हा कुठे पडदा उजळला.

सहा डझनी सात. आठ. नऊ. अख्खं पान झालं. अप्पा काही बोलले नाहीत, फक्त गुडघा चोळत ग्रिलकडे बघत बसले, आणि हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

सीझन निभावला. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, खिडकीतून ओला वारा आला, आणि मी लाइटबिल भरता भरता बाण उभा राहिला. अप्पांनी पेपरातून मान वर न काढताच आत हाक मारली, "गो, काकाला तुझा कंपास आणून दे."