आधी पडायला शिका

गल्लीतल्या टोळक्याच्या मारापासून वाचायला हातपाय चालवायला लागलेला भुसावळचा पोरगा आज ज्युदोचा प्रशिक्षक आहे, हे त्याच्यावरच्या लेखात वाचून फार बरं वाटलं. रस्त्यावर मारामारी जिंकायची सवय लागलेल्या माणसाने मॅटवर समोरच्याला वाकून नमस्कार करायला शिकणं, मला तर यातलं हेच सगळ्यात अवघड वाटतं.

लेखात सरावाबद्दल थोडं हवं होतं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत सुरू केलेल्या या विद्येत फेकण्याआधी पडायला शिकवतात. माझी मुलगी इथे जळगावात क्लासला जाते. सुरुवातीला नुसतं पडणं! हनुवटी छातीला टेकवायची, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही आणि पाठ टेकताना हात सपकन मॅटवर आपटायचा. घरी यायची तेव्हा तळवे लालबुंद. आजी कळवळायची, "पैसा देईसन पोरले पाडतस का?" मागे पोरगी सायकलवरून घसरली, पण डोकं वाचलं. तेव्हापासून आजीच तिला क्लासला पिटाळते.

प्रशिक्षक सर, हे वाचत असाल तर दिवाळीच्या सुटीत जळगावात मुलींसाठी शिबिर घ्याच. हॉलचं आणि मॅटचं आम्ही पालक बघतो.