बीपीची गोळी आणि एक अर्धवट मेसेज

फॅमिली ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज असा: 'त्रास नसताना डॉक्टरकडे जाऊ नका. गेलात की बीपी मागे लावतील, आणि एकदा सुरू झालेली गोळी जन्मभर सुटत नाही.' त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

'त्रास नाही, मग तपासायचं कशाला?' कारण बीपी दुखत नाही. 170/100 असलेला माणूस दिवसभर शेतात राबतो आणि रात्री शांत झोपतो. चढ्या बीपीने मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीतून प्रथिनं जायला लागली तरी सुरुवातीला काही कळत नाही. तिशी उलटलेल्यांचं बीपी आणि साखर उपकेंद्रातसुद्धा तपासतात, ते यासाठीच.

'एकदा मोजलं की बीपी चिकटवतात.' इथे मेसेज निम्मा खरा आहे. जिना चढून आल्या आल्या मोजलं, नुकताच चहा झालाय, लघवी तुंबलीय, हात अधांतरी लोंबतोय, तर आकडा चुकतो आणि बहुधा वरच जातो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी तेच. नीट मोजायचं तर आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजतानाही बोलायचं नाही. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीत टेकवलेला. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजून सरासरी काढायची. 140/90 किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी परत बघायचं. 180/110 च्या वर असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तुमचे मागचे आकडे ज्यांच्याकडे आहेत, त्या नेहमीच्या डॉक्टरांना एका चढ्या आकड्याचा अर्थ लावता येतो. दर वेळी नवा दवाखाना गाठला तर तो आकडा एकटाच राहतो.

'गोळीची सवय लागते.' नाही लागत. अॅम्लोडिपिन ही बीपीची नेहमीची गोळी बंद केली की बीपी पुन्हा चढतं, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. 'नॉर्मल आलं म्हणून थांबवली' ही नेहमीची चूक. नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. वजन उतरलं, लोणचं-पापडासकट दिवसाचं मीठ चमचाभराच्या आत आलं, तर डोस कमीही होऊ शकतो, पण तो ठरतो फेरतपासणीत. गोळीने घोट्यावर सूज येत असेल तर गोळी बदलता येते. गुडघ्यासाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी बीपी वाढवते, हेही विचारल्यावरच बाहेर येतं.

'सगळा लुटीचा धंदा.' महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसुद्धा मोफत आहे. साठ-सत्तर चाचण्यांच्या 'फुल बॉडी' पॅकेजवर मात्र खुशाल संशय घ्या.

गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जा, आणि जुन्या कागदांबरोबर चालू गोळ्यांच्या स्ट्रिपाही पिशवीत टाका. 'ती छोटी पांढरी गोळी' एवढ्यावरून डोस ठरवता येत नाही.