पावाची बिअर? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्राचीन इजिप्तच्या स्वयंपाकावरच्या माझ्या लेखाखाली टोपणनावाने प्रतिक्रिया आली आहे: "इजिप्तमध्ये अर्धवट भाजलेला पाव पाण्यात कुस्करून बिअर करत, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. खपली गहू कांडण्याचं पाल्हाळ कशाला? कामगारांचा शिधाही फुगवलाय. लिहिण्याआधी जरा वाचत जा."

मतभेद असू द्या, पण ही भाषा कशासाठी? उत्खननांचे अहवाल वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. 'वाचत जा' हे तुम्ही मला ऐकवायचं कारण नाही. टोपणनावाआडून बोलताना तर शब्द जास्तच जपून वापरावेत.

एक मान्य करते. कबरींत पाव आणि बिअर शेजारीशेजारी दिसतात. मेकेतरे या बड्या अधिकाऱ्याच्या कबरीतल्या लाकडी प्रतिकृतीत, इ.स.पू. 2000च्या आसपासच्या, दोन्ही कामं एकाच छपराखाली चालली आहेत. पण शेजार म्हणजे कृती नव्हे. पावाच्या कल्पनेला ज्याच्या लिखाणाचा आधार देतात तो किमयागार, पॅनोपोलिसचा झोसिमस, इ.स. 300च्या सुमाराचा, म्हणजे देइर एल-मदिना ही राजांच्या कबरी खोदणाऱ्या कामगारांची वस्ती उठल्यानंतर तेराशेहून अधिक वर्षांनी झालेला.

चित्रापेक्षा मडक्याच्या तळाशी वाळलेला थर जास्त भरवशाचा. प्राचीन धान्यांच्या अभ्यासक डेल्वेन सॅम्युएल यांनी इजिप्तमधल्या अमार्ना या प्राचीन नगरातले आणि देइर एल-मदिना इथले असे थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्टार्चच्या काही कणांना खड्डे पडले होते, म्हणजे धान्याला मोड आले होते. काही कण फुगून एकमेकांत मिसळले होते, म्हणजे ते भरपूर पाण्यात शिजले होते. पाव भाजताना इतकं पाणी नसतंच.

त्यावरून कृती अशी दिसते: मोड आलेल्या धान्याचा एक वाटा भरडून गार पाण्यात कालवायचा, दुसरा वाटा पाण्यात चांगला शिजवायचा, मग दोन्ही एकत्र करायचे. शिजल्याने स्टार्च मोकळा होतो आणि कच्च्या वाट्यातली विकरं (एन्झाइम) त्याची साखर करतात. नाचणीला मोड आणणाऱ्या घरांत हा गोडवा ओळखीचा आहे. बिघडतं ते या मिसळण्यातच. शिजलेला वाटा उकळता आणि जास्त ओतला, मिश्रण 75 अंशांच्या पुढे गेलं, की विकरं निकामी होतात. लापशी गोड होत नाही आणि यीस्टला खायला काही मिळत नाही. फार गार ठेवलं तर साखर रेंगाळत होते आणि तोवर आंबटपणा चढतो. जमलं, तर कोंडा गाळून आंबवायला ठेवायचं. यात पाव कुठे बसतो, ते तुम्हीच दाखवा.

खपलीचं म्हणाल, तर तिचं टरफल मळणीने सुटत नाही. ओलवून, जमिनीत बसवलेल्या चुनखडीच्या उखळात कांडून, वाळवून, पाखडल्यावरच ती दळता येते. रोजच्या पावामागचे हे कष्ट तुम्हाला पाल्हाळ वाटत असतील, तर माझा लेख तुमच्यासाठी नव्हता.

आणि शिधा: देइर एल-मदिनाच्या साध्या कामगाराला महिन्याला 4 खार खपली आणि दीड खार जव, एक खार सुमारे 77 लिटरची. हे अख्ख्या कुटुंबाचं माप आहे आणि तिथल्या खापरांवरच्या नोंदींतून आलेलं आहे. मी त्यात मूठभरही वाढवलेलं नाही.