बारा व्होल्टची होडी

बडोद्यात कोणालाही सांगून बघा की मी घरी होडी बांधतोय, पहिला प्रश्न होडीबद्दल येतच नाही, मगरीबद्दल येतो. "विश्वामित्रीत घालणार का?" नाही हो. त्या नदीत चारशेच्या वर मगरी आहेत, आणि वर मगर म्हणजे वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, कडक संरक्षण असलेला प्राणी, म्हणजे तिने मला धक्का मारला तर तो निसर्ग आणि मी तिला वल्हं मारलं तर केस. तेव्हा विश्वामित्री बाद, आजव्याचा तलाव पण बाद. चांदोदला जायचं, नर्मदेत, काठाकाठाने, ओळखीच्या नावाड्याच्या नजरेखाली, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी ठरवलंय. नर्मदामाईचं वाहनच मगर आहे याची आठवण सासूबाईंनी लगेच करून दिली, पण ती देवाची मगर, तिचं वेगळं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑगस्ट २०२४ च्या पुरात. विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून गेली ३५ फुटांच्या पुढे. आमच्या कारेलीबागेतल्या टेनामेंटमध्ये खाली पाणी, वर आम्ही, मध्ये जिन्यावर बसून बायको एकेक पायरी बुडताना मोजतीये. फ्रीज स्वयंपाकघरात आडवा होऊन फिरत होता. त्या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या, शहरातल्याच अकोट्याकडची एक तर छपरावर बसलेली व्हिडिओत सगळ्या देशाने पाहिली. आणि आमची अख्खी सोसायटी गच्चीवर उभी राहून एकाच गोष्टीची वाट बघत होती, होडीची, आणि होडी आली की ती हमखास पलीकडच्या गल्लीत जायची. मी म्हटलं, बास, आपल्या घरची होडी पाहिजे. बायको म्हणाली, आधी फ्रीज.

फ्रीज आला. मग लाइफ जॅकेटं आली, लाकडाच्या आधी, कारण जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या तलावात शाळेच्या मुलांची होडी उलटून जे झालं ते बडोद्यात कोणी विसरलेलं नाही, त्या बाबतीत आमच्या घरी चेष्टा चालत नाही. आणि मग एक दिवस गाडी रस्त्यावर गेली आणि पार्किंगमध्ये प्लायवूड आलं.

पद्धत तशी सोपी आहे. प्लायच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडेला बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या, की सपाट लाकूड आपोआप वळून होडीसारखं दिसायला लागतं. मग आतून सांध्यात एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवले की घट्ट होणारा गोंद) आणि लाकडाच्या बारीक भुशाचं मिश्रण भरायचं, चक्क्याइतकं घट्ट, त्यावर फायबर ग्लासची पट्टी, तारा काढून टाकायच्या, झालं. या "झालं"मध्ये घरातली मैद्याची चाळणी गेली (भुसा चाळायला), बायकोचा हेअर ड्रायर गेला, आणि सासूबाई ज्या आयुष्यभर गोधड्या शिवत आल्यात त्यांनी बाजूला खुर्ची टाकून रोज सांगितलं की टाके लांब पडतायत. त्यांचं बरोबर होतं म्हणा, टोकाकडे जिथे लाकूड जास्त वळतं तिथे टाके जवळ घ्यावेच लागतात, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

प्लाय मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा पाहिजे, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. त्याची परीक्षा अशी की ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी थर सुटायला नकोत. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "साहेब, घरे जईने उकाळी जोजो." मी तुकडा घेऊन आलो आणि जुन्या कुकरमध्ये टाकला. दुपारी सासूबाईंनी झाकणावर हात ठेवून विचारलं, "किती शिट्ट्या?" मी म्हटलं, ७२ तास. त्यांनी गॅस बंद केला नाही, चिडल्या नाहीत, फक्त आत जाऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं." सिलेंडरचा विचार करून परीक्षा संध्याकाळीच आवरली. प्लाय पास झालं. त्या कुकरमध्ये मात्र आता फक्त प्लायच उकळता येईल.

मग एपॉक्सी. शेजारचे काका रिटायर्ड, उभं आयुष्य फायबरच्या टाक्या बनवण्यात गेलेलं, त्यामुळे ते आपणहून सुपरवायझर झाले. त्यांचं एकच म्हणणं, "हार्डनर जरा वधारे नाखो, जल्दी सुकाशे." आता टाक्यांना जे पॉलिएस्टर रेझिन वापरतात त्यात हे चालतं, थोडं कमीजास्त करून वेळ पुढेमागे करता येतो. एपॉक्सीत नाही चालत, तिथे प्रमाण म्हणजे प्रमाण, जास्तीचं हार्डनर तसंच चिकट पडून राहतं. मी समजावलं, कंपनीचा कागद दाखवला. काका म्हणाले, कागद कंपनीवाले लिहितात. मी दोन मिनिटं फोन घ्यायला आत गेलो तेवढ्यात काकांनी आइस्क्रीमच्या डब्यात अर्धा लिटर एकदम कालवलं, मे महिना, बाहेर ४२ डिग्री. एपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतं, पसरलं असेल तर उष्णता निघून जाते, डब्यात ढीगभर असेल तर आतल्या आत वाढत जाते. धूर आला, डब्याचा बूड वितळला, आणि आमच्या ओटल्यावर पिवळट काचेचा एक गोळा कायमचा बसला. काका शांतपणे म्हणाले, "माल डुप्लिकेट छे."

तरी इथपर्यंत मी खूश होतो. लाकडाबद्दल लोक बोलतात पण हात घालत नाहीत, आणि होडी झाली पण सुरेख, सोळा फुटी, इतकी हलकी की दोघांनी सहज उचलावी. (बाहेर कशी काढणार हे विचारणाऱ्यांसाठी: पार्किंगला भिंत एकच आहे, फाटक पूर्ण उघडतं.) खरा ताप सुरू झाला मी मोटर लावायची म्हटल्यावर. वल्ह्याने माझा खांदा धरतो म्हणून एक छोटी इलेक्ट्रिक मोटर, एक बॅटरी, एक स्विच, बास. पण वायर दिसली की आपल्याकडे प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली, चार सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, मिळून १२.८. वायरिंगला आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियनभाई आला, जो नवरात्रात गरब्याची लायटिंग करतो आणि गणपतीत मंडपाची. होडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "साहेब, अर्थिंग क्यां आपवानुं?" मी म्हटलं, अरे बारा व्होल्ट डीसी आहे, अर्थिंग कसलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, मग एक वायर पाण्यात सोडून देऊ. पुढे त्याने खिशातून घरातल्या दिव्याला वापरतात ती बारीक वायर काढली. मी म्हटलं जाड पाहिजे. तो हसला. "बार वोल्टमां शुं थाय?"

हेच तर कोणाला पटत नाही. बारा व्होल्टला झटका बसत नाही हे खरं, पण व्होल्ट कमी म्हणजे तेवढंच काम करायला करंट जास्त. घरातला दोन हजार वॉटचा गीझर नऊएक अँपिअर ओढतो आणि माझी ही टीचभर मोटर फुल स्पीडला तीस. त्या बारीक वायरीतून तीस अँपिअर सोडले की वायर नाही, शेगडी होते, आणि ती पण लाकडाच्या होडीत, माझ्या पायाशी. शेवटी मी त्याच्यासमोर एक जुना तुकडा बॅटरीला लावून दाखवला, फ्यूज ठेवून, बादली शेजारी ठेवून. वरचं प्लास्टिक मऊ होऊन ओघळलं तेव्हा कुठे तो गंभीर झाला, आणि मग जाड वायर, बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज, सगळं नीट केलं. फक्त प्लसला हिरवी, म्हणजे अर्थिंगच्या रंगाची वायर घातली. का, तर हिरवं बंडल उरलं होतं. परत काढायला लावली.

एकदा बॅटरी आहे म्हटल्यावर मागण्या यायला लागल्या. मुलाला मोबाइल चार्जिंग. बायकोला छोटा पंखा, नर्मदेवर ऊन असतं. होडीत पाणी आलं तर उपसायला पंप पाहिजेच, त्यावर सासऱ्यांनी माळ्यावरून कूलरचा जुना पंप काढून दिला, तो २३० व्होल्टचा निघाला. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, हा बोटींचा सगळीकडचा नियम आहे म्हणून मी लावला तर काकांनी विचारलं, लाल लागला की थांबायचं का? सासऱ्यांचं म्हणणं, एक मोठा सर्चलाइट हवा, रात्री उजेड मारला की मगरीचे डोळे चमकतात. चमकतात, मोजणीवाले पण असंच मोजतात. पण चमकल्यावर मी काय करायचं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. इलेक्ट्रिशियनभाईने न विचारता रिव्हर्सचा हॉर्न बसवला, तोच, ट्रक मागे घेताना वाजतो तो. म्हणे फ्री. आता होडी उचलायला चौघं लागतात.

आणि मग जूनमध्ये एक वादळ आलं, झाडं पडली, लाइट गेली ती रात्रभर. बायको खाली आली, बॅटरीकडे बघितलं, आणि दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनभाईला बोलावून होडीत इन्व्हर्टर बसवून घेतला. तेव्हापासून लाइट गेली की शेजारपाजारचे सगळे आमच्या पार्किंगमध्ये. होडीत चार मोबाइल, वायफायचा डबा आणि टेबलफॅन, मधल्या पाटावर काका पाय पसरून, चहा तिथेच, आणि कोणाचं पोर रिव्हर्सचा हॉर्न वाजवतंय.

इलेक्ट्रिशियनभाईने इन्व्हर्टर लावताना एकदाच माझ्याकडे बघितलं. "कीधुं'तुं ने साहेब? अर्थिंग." म्हणजे, सांगितलं होतं ना. आता २३० व्होल्ट बाहेर येणार म्हणजे त्याचंच खरं. होडीपासून मीटरच्या बोर्डापर्यंत एक हिरवी वायर गेलीये, या वेळी हिरवी योग्य जागी, आणि क्लिपा मारून इतकी पक्की की काढायला त्यालाच बोलवावं लागेल. मी परवा चांदोदचा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, जा की, पण पावसाळा संपू दे, पावसाळ्यात लाइट फार जाते.