पाच हजारांसाठी माणसाने किती गरीब असायचं?

मागच्या आठवड्यात मामांचा कलावंत मानधनाचा अर्ज फेटाळला. कारण काय, तर उत्पन्न जास्त. वर्षाला ७१ हजार. म्हणजे महिन्याला सहा हजारसुद्धा नाहीत. पत्र्याचं घर, अर्धा एकर जिरायत, गुडघे गेलेले, आणि कागदावर हा माणूस मदतीची गरज नसलेला ठरला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मामा ढोलकी वाजवतात. बत्तीस हंगाम तमाशाच्या फडात काढलेत त्यांनी. दसऱ्याला घर सोडायचं ते उन्हाळ्यातल्या यात्रा संपल्या की परत यायचं. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं, त्यासाठी मीच त्यांच्या मागे लागून अर्ज भरून घेतला होता. वय पन्नासच्या पुढे हवं, मामा एकसष्ट. कलेत पंधरा वर्षं हवीत, मामांची त्याच्या दुप्पट. मग अडलं कुठे? उत्पन्नाच्या अटीत. ६० हजारांच्या आत पाहिजे. वर्षाला.

१९५४-५५ पासून चालू असलेली योजना आहे ही. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि मानधन सरसकट पाच हजार केलं. त्याआधी जिल्हा पातळीवरच्या कलावंताला २,२५० मिळायचे. वाढवलं ते चांगलंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण मर्यादा किती वाढवली? ४८ हजारांची ६०. पाच हजार गुणिले बारा किती होतात? साठ हजारच. म्हणजे ज्याची वर्षाची कमाई ५९ हजार त्याला वरून ६० हजार मिळणार, आणि ज्याची ६१ हजार त्याला एक पैसा नाही. दोन हजारांच्या फरकाने एकाचं म्हातारपण सावरलं आणि दुसऱ्याचं रस्त्यावर आलं. मधली पायरीच नाही. थोडं जास्त कमावणाऱ्याला थोडं कमी मानधन, इतकं साधं गणित कुणालाच सुचू नये?

साठ हजार म्हणजे दिवसाला १६४ रुपये. २०२५-२६ मध्ये आपल्याकडे रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने एकट्या माणसाने १९३ दिवस खडी फोडली की तो ही मर्यादा ओलांडतो. केशरी रेशनकार्ड एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळतं. मामांच्या घरी केशरी कार्डच आहे. आणि आता खरी चीड आणणारी गोष्ट सांगते. त्याच घरात, त्याच कार्डावर मामींना लाडकी बहीणचे दीड हजार चालू आहेत. तिथे मर्यादा अडीच लाख, आणि केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागत नाहीत. मामींना मिळतात याचा मला आनंदच आहे, त्यांचा तो हक्क आहे. पण एकाच चुलीवर जेवणारी बायको सरकारला गरीब दिसते आणि नवरा दिसत नाही, हे कुठल्या डोक्यातून आलं? अडीच लाख आणि साठ हजार, दोन्ही आकडे त्याच राज्याचे, आणि त्याच २०२४ सालचे.

दाखल्याची तऱ्हा तर विचारूच नका. तलाठ्याचा अहवाल, मग सेतूत अर्ज, मग तहसीलदाराची सही. अहवालात लिहिलं, शेती सहा हजार, कला पासष्ट हजार. झालं, बेरीज एकाहत्तर. त्या पासष्टमधले चाळीस हजार ही उचल होती. ज्यांना फडाचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगाम सुरू व्हायच्या आधी कलावंत फडमालकाकडून पैसे उचलतो आणि मग हंगामभर वाजवून, नाचून, गाऊन ते फेडतो. मामांनी ती उचल सुनेच्या बाळंतपणासाठी घेतली होती. सिझर झालं. दसऱ्याला मामा फडावर गेले तेव्हा त्यातला एक रुपया घरात नव्हता, आणि पुढे सहा महिने त्यांनी ते कर्ज अंगमेहनतीने फेडलं. ते कर्ज दाखल्यात उत्पन्न म्हणून बसलं. ढोलकीची पानं बदलायचा खर्च, शाई घालून घ्यायचा खर्च, सुट्या सुपाऱ्यांना, म्हणजे एकेका ठरलेल्या कार्यक्रमाला, जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं, यातलं काहीच वजा होत नाही. किराणा दुकानदाराला कुणी गल्ल्यात आलेला सगळा पैसा हे तुझं उत्पन्न असं म्हणतं का? मग कलावंतालाच का?

आणि एकाच वर्षाचं उत्पन्न का बघायचं? कोरोनात दोन हंगाम बुडाले, सगळ्या यात्रा बंद, तेव्हा मामांनी लोकांच्या शेतात खुरपायचं काम केलं. पुढच्या एका हंगामात सुपाऱ्या बऱ्या झाल्या, तर त्यावरून माणूस जोखायचा? कलावंताचं उत्पन्न नोकरदाराच्या पगारासारखं दर महिन्याला एका आकड्यात येत नाही. तीन-चार वर्षांची सरासरी काढा ना. मग कळेल कोण कसं जगतं.

पहिल्यांदा कागद दाखवायला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. मामांनी एक जुनं रजिस्टर जपलंय. त्यात कात्रणं डकवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या, खळीचे डाग. एक कात्रण १९९४ चं. फोटोत लावणी करणारी बाई मधोमध, आणि उजव्या कडेला ढोलकीचं अर्धं खोड आणि एक हात. तो हात मामांचा. टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "आजोबा, यात तुमचा चेहरा दिसत नाहीये." मामांनी काही न बोलता आपला हात कात्रणाशेजारी ठेवला. करंगळीचं पेर वाकडं आहे त्यांचं, फोटोतल्या हाताचंही तसंच वाकडं. मॅडमनी बघितलं आणि पान उलटलं. त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांना कागद मोजायचे होते. पण ढोलकीवाला आयुष्यभर कडेलाच बसतो हो! त्याचा चेहरा कुठल्या पेपरात येणार?

तिथेच आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "ताई, साठच्या आतला दाखला काढा ना. सगळे तसाच आणतात. पंचेचाळीस, पन्नास. कोण बघायला येतंय?" मामांनी ते ऐकलं. ते एवढंच म्हणाले, "एकाहत्तर आहेत तर साठ कसं लिहू?"

ही अट गरिबाला शोधत नाही, खोटं बोलायची तयारी असलेल्याला शोधते. ज्याची ओळख आहे, ज्याला दाखला "बसवून" घेता येतो, तो आत जातो. खरं बोलणारा बाहेर. वर जिल्ह्याला वर्षाला फक्त शंभर जणांची निवड. म्हणजे खोट्या दाखल्याने आत गेलेला माणूस दुसऱ्या कुणाची तरी जागा अडवतो. आमच्या भागात किती सनईवाले, गोंधळी, वाघ्या-मुरळी, सोंगाडे साठी ओलांडून बसलेत. त्यातल्या निम्म्यांनी अर्जच केलेला नाही, कारण दाखल्यासाठी तीन-चार चकरा मारायच्या तर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते.

शाहू महाराजांचं नाव योजनेला दिलंत ना? त्या राजाने गवई अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात मानाने ठेवून घेतलं, १९१५ साली पॅलेस थिएटर बांधलं. त्यांनी कला बघितली. त्यांच्या नावाखाली तुम्ही म्हाताऱ्या माणसाची पासबुकं बघत बसता! तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं तर महाराष्ट्राला माहीतच आहे. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली बाई, २००२ साली गेली ती हलाखीत गेली. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. द्याच. पण त्यांच्या मागे बसून वाजवणारे अजून जिवंत आहेत, त्यांना औषधाला पैसे हवेत आणि ते आत्ता हवेत.

मर्यादा अडीच लाख करा. राज्यातल्या बायकांसाठी जो आकडा तुम्हाला योग्य वाटला, तोच कलावंतांसाठी का नको? उचल उत्पन्नात धरू नका. खर्च वजा करा. आणि केशरी कार्ड तिथे चालतं तर इथेही चालवा.

काल मामांना फोन केला, पुढच्या वर्षी परत अर्ज भरू म्हणाले मी. "पुढच्या वर्षी किती कमावू ते आत्ता कसं सांगू?" मामा म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "चैत्रात दोन जत्रांच्या सुपाऱ्या आल्यात. घेऊ का नको?"

मला काय उत्तर द्यावं ते कळेना. एकसष्ट वर्षांचा माणूस वाजवू का नको म्हणून भाचीला विचारतोय, कारण वाजवलं तर तो साठ हजारांच्या वर जाईल. घ्या म्हणाले मी. दोन्ही घ्या.